गळक्या जीपनं किल्लारीला

धर्माबादहून किल्लारीला जायचं तर लोक तीन बसा बदलतात. मी बदलत नाही. माझी जीप आहे. तीस वर्षांची आहे, तिच्या डाव्या दाराला आतून कडी लावावी लागते आणि इंजनातून ऑइल गळतं, पण आहे. मी चौथी शिकलो. पुढं शाळेनं माझा नाद सोडला आणि मी शाळेचा. तेव्हा ह्या लिहिण्यात काना-मात्रा चुकली तर वाचणाऱ्यानं आपली आपण दुरुस्त करून घ्यावी. गाडीबद्दल मात्र मला कोणी शिकवायला येऊ नये, असं मी निघेपर्यंत म्हणत होतो.

किल्लारीला माझी धाकटी बहीण दिली आहे, गंगा. दर उन्हाळ्यात तिला वर्षाची मिरची पोचवायची ही आमच्या घरची रीत. आमच्याकडची मिरची अशी की पोतं उघडलं तर गल्लीतलं कुत्रं शिंकतं. दोन वर्षं मी ती मिरची बसच्या टपावरून पाठवली. यंदा तिचा फोन आला, "अण्णा, मिरची नगं. तू ये."

दोन वर्षं का गेलो नाही, तर जीप गळत होती. आणि ती का गळत होती, त्यावरून माझं आणि माझ्या पोराचं, शिवराजचं, बोलणं तुटलं होतं. दोन वर्षांमागच्या दिवाळीनंतर तो जीपमध्ये मिरचीची पोती भरून निजामाबादला गेला आणि परत आला तेव्हा इंजन चहूबाजूंनी ऑइलानं न्हालेलं. मी नागनाथच्या हॉटेलात, दहा माणसांत म्हणालो, "पोरगं माझं इंजन खाऊन आलं." शिवराज उठून गेला. त्या दिवसापासून तो त्या हॉटेलाची पायरी चढला नाही, जीपला हात लावला नाही. अंगणात जीपखाली रोज काळा डाग पडायचा, मी त्यावर रोज राख टाकायचो, आणि तो रोज बघायचा.

ह्या खेपेला मी निघतो म्हटल्यावर तो आईला सांगू लागला, मी समोर उभा असताना. "आई, आप्पांना सांग. जीप आपल्या चाकावर जाऊन आपल्या चाकावर परत आली तर राहू दे. टोचन करून, दोरी बांधून आणली, तर त्याच दिवशी भंगारवाला बोलावतो. मला तो डाग रोज बघायचा न्हाई."

"सांग त्याला," मी म्हणालो, "दोरी त्याच्याच मोटारसायकलला लागंल."

नांदेडपर्यंत

बरोबर माझी कारभारीण गिरजा होती. मागं मिरचीचं पोतं, पाच लिटर ऑइलचा डबा, पाण्याचे दोन कॅन, चिंध्यांचं गाठोडं आणि तिच्या धपाट्यांचा डबा. सकाळी उन्हाच्या आत निघालो.

गळक्या गाडीचा प्रवास कसा असतो ते ज्यानं केला नाही त्याला सांगतो. माणूस रस्ता बघत नाही, ऑइलच्या दाबाचा काटा बघतो. दर दहा कोसांना थांबायचं, बॉनेट उघडायचं, गेजपट्टी ओढायची, चिंधीनं पुसायची, परत घालायची, परत ओढायची. ऑइल खालच्या खुणेला आलं की वतायचं. असं करता करता झाड न् झाड ओळखीचं होतं. बसवाल्याला उमरीच्या अलीकडची चिंच ठाऊक नसते. मला ठाऊक आहे, तिच्याखाली मी अर्धा लिटर वतलं.

नांदेडला गोदावरीच्या पुलावर गिरजानं खिडकीतून नदीला हात जोडले. पाणी कमी होतं, कडेला म्हशी बसलेल्या. "जीपीसाठी मागितलं का काही?" मी विचारलं.

"जीपीसाठी कशाला मागू? तिला तुम्ही हाव की. पोरासाठी मागितलं."

मी गिअर बदलला.

लोहा

लोह्याला चहासाठी थांबलो. आमच्याकडं तेलंगणाच्या बाजूची सवय, चहाबरोबर तिखट मिरची-भजी लागतात. इथं हॉटेलवाल्यानं सुशीला पुढं ठेवला, मुरमुऱ्यांचा, वर शेंगदाण्याचं कूट. गिरजाला तो एवढा आवडला की तिनं दुसरी ताटली मागितली आणि माझ्या समोरचीही ओढली. आम्ही खात होतो आणि बाहेर जीप आपलं काम करत होती. हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून बाहेर गेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, ही तुमची गाडी का?"

"हाव."

"सकाळी माझ्या बायकोनं इथं शेणाचा सडा टाकला होता. तुम्ही वरून काळा टाकला."

चारजण हसले. मी म्हणालो, "जुन्या इंजनाला थोडं सुटतंच."

"थोडं? काका, ह्याच्यात माझी भजी तळून निघतील."

गिरजा उठली. समोरच्या बांधकामावरून पदरात वाळू घेऊन आली, डागावर टाकली आणि पायानं सारखी केली. हॉटेलवाला शरमला, "मावशी, राहू द्या हो," म्हणू लागला. ती म्हणाली, "आमच्या अंगणात रोजचंच हाय, बाबा." तिनं हे सहज म्हटलं, पण मला ते लागलं. दोन वर्षं राख मी टाकत होतो असं मी वर लिहिलं. खरं तर मी टाकायचो आणि झाडायची ती.

लोह्याच्या पुढं माळ लागतो. बालाघाटाचे उघडे डोंगर, काळ्या दगडाचे, मधेच करडईची कापलेली रानं. चढावर जीपनं अवसान सोडलं. इंजन वरड करतंय आणि गाडी बैलासारखी जागच्या जागी. क्लच सुटायला लागला होता. ऑइल मागच्या बाजूनं क्लचच्या प्लेटीवर उतरलं, की प्लेट धरत नाही, घसरते. हे मला कळलं आणि मी गाडी कडेला घेतली, कारण ऑइल वतून गाडी चालवता येते, क्लच वतता येत नाही.

दगड लावून अर्धा तास थांबलो. मागून एक उसाचा ट्रॅक्टर आला. डायव्हर चांगला माणूस, म्हणाला, "काका, दोरी हाय माझ्याकडं. लातूरपर्यंत वढून नेतो."

"नको," मी म्हणालो.

गिरजा माझ्याकडं बघत राहिली. "अव्हो, इथं शिवराज थोडाच बघून राहिलाय."

"मी बघून राहिलोय की."

थंड झाल्यावर पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं, अहमदपूर मागं टाकलं. चढ आला की गिरजा उतरून चालायची, माथ्यावर येऊन परत बसायची. तिचं वजन ते काय, पण ती म्हणाली, "तेवढंच तिला सोपं." तिन्हीसांजेला लातूर आलं. दोरी न लावता.

लातूर

लातूरला गंज गोलाईजवळ आमच्या समाजाच्या एका दुकानदाराच्या ओळखीनं खोली मिळाली. "शरणार्थ" हा आमचा रामराम घातला की इकडं घराचं दार उघडतं, ही लातूर-उदगीरची मोठेपणाची गोष्ट. आमच्याकडं आधी कुणाचे कोण ते विचारतात, मग पाणी देतात. इथं आधी पाणी आलं.

सकाळी त्यांनीच युसूफ मिस्त्रीकडं पाठवलं. रिंग रोडला पत्र्याचं गॅरेज. मिस्त्री माझ्याच वयाचा, दाढी पांढरी, नखं काळी, आणि कपाटावर बायका लावतात तो सुवासिक पावडरचा डबा. मी मनात म्हटलं, हा म्हातारा नटवा दिसतो.

मी त्याला सगळं सांगितलं. धर्माबादचा मिस्त्री म्हणतो बोअर गेला, रिंगा गेल्या, इंजन आतून झिजलं, उतरवा. पोरानं ओझं लादून इंजन खाल्लं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "काका, तुमचं झालं का? आता इंजनाला बोलू द्या."

इंजन चालू करून त्यानं ऑइल वतायचं झाकण नुसतं सैल केलं. झाकण थाडकन उडालं, मडगार्डवर आदळलं. मागोमाग धूर आणि ऑइलाचे शिंतोडे. गिरजा दोन पावलं मागं सरकली.

"रिंगा," मी म्हणालो. "बघितलं? रिंगाच गेल्या."

"रिंगा गेल्या असत्या तर ही एवढ्या चढावरून आली नसती. हिचा श्वास कोंडलाय." असं म्हणून तो वाकला आणि इंजनाच्या बाजूनं खाली जाणाऱ्या नळीत बोट घालून बघितलं. इंजन आत तापतं, आत वाफ धरते, ती बाहेर जायला ती नळी असते. बोट आत जाईना. त्यानं लांब चोचीची पकड घेतली आणि आतून एक काळा, ओला, दडपलेला बोळा ओढला. एक वीत, दोन वीत, निघतच राहिला.

"हे कोणी कोंबलं?"

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला त्या बोळ्याची आठवणसुद्धा नव्हती. त्या नळीतून थोडा धूर यायचा, थेंब-थेंब ऑइल अंगणात पडायचं. एकदा सोयऱ्यांना घेऊन जाताना आतल्या बायकांना वासानं उलटी झाली. मी म्हटलं ही नळी फालतू आहे, आणि चिंधी कोंबली. थेंब थांबला. मी तीन आठवडे मिरवलो की मिस्त्रीला न जमलेलं मी केलं.

गिरजानं बोळा हातात घेतला. रॉकेलच्या डब्यात बुडवून पिळला, उलगडला, उन्हात धरला. काळ्यातून लुगड्याचा हिरवा काठ दिसला.

"ही माझी इरकल," ती म्हणाली.

"चिंधीच ती," मी म्हणालो.

"चिंधी न्हाई. इरकल. दसऱ्याला तुम्ही गाडी पुसायला फाडली होती, मी भांडले होते." मग ती थांबली. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि हळू आवाजात म्हणाली, "दसऱ्याला. शिवराज निजामाबादला दिवाळीनंतर गेला."

मिस्त्रीनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "काका, नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण तुमचीच ना? इंजनाचं पण तसंच. श्वास घ्यायची वाट बंद केली, मग आतला दाब जिथं जागा सापडंल तिथून ऑइल फेकतो. रिकामी गाडी चालली तोवर दिसलं न्हाई. ज्यानं ओझं भरून लांब नेली त्याच्या हातात दिसलं. त्याचा कसूर न्हाई."

मी पाणी प्यायलो. दोन वर्षं.

मग त्यानं इंजन डिझेलनं धुतलं, फडक्यानं कोरडं केलं आणि कपाटावरचा तो पावडरचा डबा घेऊन साऱ्या इंजनावर भुरभुरवला, जशी कोणी बाळाला न्हाऊ घालून पावडर लावावी. मला म्हणाला, "माझ्या तोंडासाठी नाही हो हे." इंजन अर्धा तास जागेवर चालू ठेवलं. आधी माझं इंजन सहा ठिकाणांहून ओलं होतं. आता पांढऱ्या पावडरवर दोनच काळ्या रेघा उमटल्या. एक वरच्या झाकणाच्या कोपऱ्यात, एक मागं गिअरबॉक्सच्या सांध्यात. बाकी सगळीकडं पांढरं.

"दाबानं दोनच सील फाटले. बाकीचं नुसतं दाबानं बाहेर येत होतं," तो म्हणाला. "इंजन सोन्यासारखं हाय. कोणी सांगितलं उतरवा म्हणून?"

मला आनंद व्हायला पाहिजे होता. जीप वाचली होती, इंजन चांगलं निघालं होतं. मी बाकावर बसून राहिलो. दिवसभर त्यानं गिअरबॉक्स खाली घेऊन मागचं सील बदललं, क्लचची प्लेट नवी टाकली, वरच्या झाकणाला कॉर्कचं पॅकिंग लावलं. गिरजानं त्याला धपाटी दिली. त्यानं खाऊन विचारलं, "भाभी, मिरची कुठली?" तिनं पोत्यातली ओंजळभर काढून कागदात बांधून दिली. माझ्याशी ती दिवसभर बोलली नाही. ती इरकल मात्र तिनं घडी करून पिशवीत ठेवली.

किल्लारी

लातूर ते किल्लारी मी एकदाही बॉनेट उघडलं नाही. औशाच्या पुढं सपाट काळी जमीन, उसाचे फड, मधून भरून चाललेल्या जीपा. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या किल्लारीची घरं एका ओळीत, रस्ते रुंद, दोन घरांत एवढं अंतर की शेजारणीला हाक मारायची तर चार पावलं चालावं लागतं. आमच्या गल्लीत एकजण खोकला तर तिसऱ्या घरचा औषध सुचवतो. गंगा म्हणते, "पहिल्यांदा लई एकटं वाटायचं. आता सवय झाली. आता तुझ्या गल्लीत मला झोप येत न्हाई."

तिनं आमच्यासाठी ज्वारीची भाकरी केली, भाजलेल्या धान्याच्या पिठाची येसराची आमटी, आणि शेवटी गुळाचा खडा. मिरचीचं पोतं उघडलं, शिंकली, डोळे पुसले आणि खूश झाली. मग विचारलं, "शिवराज कसा हाय?"

गिरजानं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, बोळ्यासकट. बहिणीला सांगायला माणसाला तेवढी लाज वाटत नाही. लहानपणी तिनं मला विहिरीत पडलेलं पाहिलेलं आहे.

"मग पोराला काय सांगणार?" ती म्हणाली.

"गाडी नीट झाली, एवढं सांगणार. त्याला काय कळायचं ते कळंल."

"आळ कुठं घेतला होतास त्याच्यावर?"

"नागनाथच्या हॉटेलात."

"आपल्या बाबांची रीत ठाऊक हाय का तुला? चुलत्यावर धान्याचा आळ घेतला होता त्यांनी, देवळाच्या ओट्यावर. खोटा निघाला. ओट्यावरच जाऊन उतरवला. घरात न्हाई. आळ जिथं घातला तिथंच उतरवायचा."

"गंगे, मी बाप हाय त्याचा."

"म्हणून तर. परका असता तर चिठ्ठीनं भागलं असतं."

मी अंगणात जाऊन जीपखाली बघितलं. जमीन कोरडी होती. पहिल्यांदा मला ती कोरडी जमीन आवडली नाही.

परत

परतीच्या वाटेचं सांगण्यासारखं थोडंच. लोह्याला मुद्दाम त्याच हॉटेलासमोर, त्याच जागी जीप लावली. हॉटेलवाला बाहेर येऊन वाकला, खाली बघितलं, सरळ झाला आणि म्हणाला, "काका, सोडली काय सवय?" गिरजा दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली. सुशीला आताही दोन ताटल्या.

घरी पोचलो तर शिवराज दारात. तो वाकून चाकांकडं, मग खालच्या जमिनीकडं बघत राहिला. आईला म्हणाला, "आपल्या चाकावर आली."

"आली," मी म्हणालो. "नळीत बोळा होता. मी घातला होता. तू निजामाबादला जायच्या आधी."

तो "हं" म्हणून आत गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

घर ते हॉटेल

प्रवासवर्णनात हे घालावं की नाही, माहीत नाही. अंतर दोनशे पावलं आहे. पण माझ्या ह्या प्रवासातला सगळ्यात अवघड टप्पा हाच, म्हणून लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉटेल भरलेलं असताना मी गेलो. जीप नेली नाही, चालत गेलो. वाटेत दोनदा परत फिरावं वाटलं. एकदा तर चप्पल तुटल्याचं निमित्त करावं असं मनात आलं, पण चप्पल धड होती.

आत नेहमीची मंडळी. माझा जुना दोस्त सायन्ना कोपऱ्यात, मिरचीच्या अडतीवरचा. नागनाथनं विचारलं, "काय आप्पा, किल्लारी कशी?"

"चांगली. मी एक सांगायला आलोय. दोन वर्षांमागं मी इथं म्हणालो होतो, पोरानं माझं इंजन खाल्लं. पोरानं न्हाई खाल्लं. बोळा मी कोंबला होता. शिवराज खरा होता."

स्टोव्ह तेवढा चालला होता. मग सायन्ना म्हणाला, "मला ह्या कानानं ऐकू येत न्हाई. परत सांग."

त्याला चांगलं ऐकू येतं. अडतीवर लिलावात सर्वात आधी त्यालाच ऐकू येतं. पण मी परत सांगितलं.

"मोठ्यानं सांग की. तेव्हा कसं मोठ्यानं सांगितलं होतंस."

मी उभा राहिलो आणि तिसऱ्यांदा सांगितलं, बाहेरच्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्यानं. सांगून वळलो तर शिवराज रस्त्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता, एक पाय जमिनीवर. कधी आला माहीत नाही. त्यानं इंजन बंद केलं. गाडी स्टँडवर लावली. पायरी चढला.

माझ्या शेजारी बसला नाही, समोरच्या बाकावर बसला. नागनाथनं न विचारता त्याच्यापुढं कपबशी ठेवली. त्यानं चहा बशीत ओतला, फुंकला, एक घोट घेतला.

"आप्पा," तो बशीकडं बघत म्हणाला, "आई म्हणत होती, गिअरबॉक्स खाली घेतला होता. त्याचं ऑइल बदललं का मिस्त्रीनं?"

"न्हाई. जुनंच वतलं."

"मग उद्या बदलतो मी," तो म्हणाला, आणि दुसरा घोट घेतला.